दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी जाताना थोरल्याला सोबत न्यावं का?

औसेकरीण :
आम्ही औसा तालुक्यातले. मला सातवा सरत आलाय, तारीख जानेवारीच्या शेवटची दिलीये. थोरला सव्वादोन वर्षांचा आहे. माहेर परभणीला. सासूबाई म्हणतात, "लेकराला इथंच राहू दे, तुला आराम पडंल." त्या मायेनंच म्हणतात. पण तो रात्री माझी वेणी मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही.

गल्लीतल्या बायका येता-जाता त्याला म्हणतात, "बाळ आलं की आई तुला घेणार नाही, तुझे लाड संपले." चेष्टाच असते. पण तेव्हापासून मी भाकरी थापायला बसले की तो पाठीला चिकटतो. दिवाळीपर्यंत शू सांगत होता, आता चड्डीतच करतो. परवा मी त्याला मारलं, आणि रात्रभर मलाच झोप लागली नाही. त्याला बाळाचं कसं सांगू? आणि सोबत नेऊ का?

लातूरची थोरली :
न्याच. मी माझ्या अडीच वर्षांच्या लेकीला सासरी ठेवून गेले होते. दीड महिन्यानं परत आले तर ती दारात उभी राहून नुसती बघत राहिली, जवळ आली नाही. आई नेली ती या बाळानं, एवढंच तिला कळलं होतं. ते भरून यायला चार महिने लागले. आजही आठवलं की पोटात तुटतं.

दवाखान्यातल्या दोन-तीन रात्री मात्र तुमच्याशिवाय काढाव्या लागतील. माहेरी जरा लवकर जा आणि आज्जीजवळ झोपायची सवय आधीच लावा. वेणीऐवजी तुमची अंगावरची जुनी ओढणी हातात द्या, वास तुमचाच असतो.

महिना-तारीख त्याला काय कळणार? येळवसेला (मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला) शेतात जायचं, भज्जी-अंबील खायची, मग मामाच्या घरी जायचं, मग बाळ येणार, असं रोज सांगा. बाळ लगेच खेळायला येणार नाही, नुसतं झोपंल आणि रडंल, हेही सांगा. माझी लेक पहिल्याच दिवशी चेंडू घेऊन आली होती.

अंगणवाडीतली ताई, हिंगोली जिल्हा :
शू तो मुद्दाम करत नाही. लेकरू धास्तावलं की नुकतं शिकलेलं विसरतं. काही न बोलता चड्डी बदला, बहुतेक लेकरांचं हळूहळू थांबतं. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

जाण्याआधी त्याचं लसीचं कार्ड बघा. १६ ते २४ महिन्यांतले बूस्टर राहिले असतील तर घेऊन टाका. आई बाळंतपणाला गेली की थोरल्याची लस राहून जाते, हे मी गावात दर वर्षी बघते. आणि तो कितीही माया करू दे, त्याला बाळाजवळ एकटं सोडू नका. या वयात हात जोरात पडतो, कधी तोंडावर पांघरूणही टाकतात.

नांदेडचा बाप :
तो दवाखान्यात पहिल्यांदा येईल तेव्हा बाळ पाळण्यात ठेवा, तुमचे हात त्याच्यासाठी मोकळे हवेत. आमच्याकडं बघायला येणारे सगळे बाळालाच झबली-टोपडी आणायचे. मी पिशवीत चार छोट्या गाड्या ठेवल्या होत्या, पाहुणे आले की त्यातली एक थोरल्याच्या हातात द्यायचो.

मालकांना सांगा, तुम्ही माहेरी असाल तेव्हा दर आठवड्याला परभणीला यावं आणि आधी थोरल्याला उचलून घ्यावं, मग बाळाकडं जावं.

औसेकरीण :
सगळ्यांचे आभार. लातूरच्या ताईंचं दाराजवळचं वाचून रडूच आलं. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "ने त्याला. मी पण येते आठ दिवस." संध्याकाळी शेजारणीनं पुन्हा तेच काढलं, तर त्यांनीच तिला थांबवलं.

रात्री त्याला येळवसेचं सांगितलं. त्यानं माझ्या पोटावर हात ठेवून विचारलं, "बाळाला अंबील?" मी म्हटलं, त्याला दात नाहीत, ते फक्त दूध पिणार. मग त्यानं तोंड उघडून स्वतःचे दात दाखवले.

कार्ड काढून बघितलं. एक बूस्टर राहिलाय. गुरुवारी उपकेंद्रात नेते.