पॅनेल ‘बंद कर’ म्हणजे नेमकं काय? मालवणे की वीज काढणे?

मी जळगावात बसून डिस्प्लेच्या ड्रायव्हरचा, म्हणजे पडदा चालवणाऱ्या प्रोग्रामचा, कोड तपासते आणि आपल्या टिपणासाठी त्यातले शब्द मराठीत करतेय. लिनक्समध्ये पॅनेल, म्हणजे पडद्याचा भाग, चालू-बंद करायला चार फंक्शनं असतात, प्रिपेअर, इनेबल, डिसेबल, अनप्रिपेअर. प्रिपेअरमध्ये पॅनेलला वीज मिळते, रिसेट सुटतो म्हणजे चिप कामाला मोकळी होते, त्याच्या चिपशी बोलता येतं पण पडद्यावर अजून काहीच नसतं. मग चित्राचा सिग्नल सुरू होतो आणि इनेबलला बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) लागून चित्र दिसतं. जाताना बरोब्बर उलटं, डिसेबलला बॅकलाइट जाते, अनप्रिपेअरला वीज.

आता शेवटच्या दोन्हींना आपण सर्रास ‘बंद कर’ म्हणतो आणि परवा त्यानेच घोळ झाला. धुळ्याचा एक नवीन मुलगा आहे, हुशार आहे, त्याला फोनवर सांगितलं की डिसेबलमध्ये पॅनेल बंद करायचं राहिलंय, तर त्याने तिथेच रेग्युलेटर (पॅनेलला वीज पुरवणारा भाग) बंद केला, आणि मग अनप्रिपेअरमधून जाणारी स्लीपची कमांड वीज गेलेल्या पॅनेलकडे जायला लागली, लॅपटॉप मिटला की दर वेळी लॉगमध्ये एरर. डिसेबलनंतरही पॅनेलशी बोलता आलं पाहिजे हा त्यातला मुद्दा, तो माझ्या शब्दात आलाच नाही.

मला डिसेबलसाठी ‘मालवणे’ सुचतंय. आजी देवाजवळच्या दिव्याला कधी ‘विझव’ म्हणू द्यायची नाही, मालव म्हणायची. दिवा मालवला तरी समई जागेवरच असते, तेल असतं, वात असते. अनप्रिपेअरला काय म्हणायचं?

प्रतिसाद: ताई, मालवणे एकदम चपखल. अनप्रिपेअरला सरळ ‘वीज काढणे’ म्हणा, फक्त ‘लाईट काढणे’ नको. आपल्याकडे लाईट म्हणजे वीजच ना, ‘लाईट उनी का?’ (आली का?) असं शेतात विचारतात तेव्हा कोणी बल्बबद्दल विचारत नसतं, मोटर चालू होईल का ते विचारतात. ‘लाईट’ लिहिलं की बॅकलाइट आणि वीज परत एकाच शब्दात कोंबले जातील.

प्रतिसाद: एक राहिलं. वीज काढली की लगेच परत द्यायची नसते, ईडीपी पॅनेलला (लॅपटॉपमध्ये असतं तसलं) मध्ये साधारण ५०० मिलिसेकंद लागतात. त्याला ‘विलंब’ लिहू नका, कोणीतरी उशीर समजून कोड फास्ट करायला ती ओळ उडवेल. आमची केळी रावेरकडे, बोअरची मोटर बंद पडली की वडील लगेच स्टार्टर दाबू देत नाहीत, पाइपातलं पाणी खाली उतरू दे, मोटरीला उसंत दे म्हणतात. तोच शब्द घ्या, उसंत.

उसंत घेतला भाऊ, विलंबपेक्षा शंभरपट बरा, कारण ती कोणासाठी हवी हे शब्दातच आहे. प्रिपेअरला ‘सज्ज करणे’ आणि इनेबलला ‘उजळणे’ ठेवते. एक मात्र बदलायलाच हवं, सेल्फ रिफ्रेशला आपल्या टिपणात ‘पॅनेल झोपलं’ लिहिलंय ते चूक आहे. चित्र हलत नसतं तेव्हा पॅनेल स्वतःच्या मेमरीतून तेच चित्र दाखवत राहतं आणि डोळा लागतो तो ग्राफिक्सकडच्या बाजूचा, पॅनेल तर जागं असतं. तिथे ‘पॅनेल राखण करतंय’ लिहू का, रात्री मळ्यात करतात तशी?