मदत हवी आहे: अनारसे खाल्ल्यावर भावाची ड्रग टेस्ट पॉझिटिव्ह आली

माझा धाकटा भाऊ जहाजावर इंजिनात काम करतो. यंदा बऱ्याच वर्षांनी दिवाळीला घरी होता. पुढच्या कॉन्ट्रॅक्टच्या आधी मेडिकल झालं, त्यात लघवीच्या तपासणीत ‘ओपिएट्स’समोर (म्हणजे मॉर्फिन, कोडीनसारखी अफूच्या कुळातली द्रव्यं) पॉझिटिव्ह आलं. कंपनीने जॉइनिंग थांबवलंय आणि अंतिम निर्णय कळवू म्हणालेत. तो सुपारीसुद्धा खात नाही हो. घरात कुणी धड जेवलेलं नाही.

काल रात्री सगळं आठवत बसले. मेडिकलच्या आदल्या रात्री त्याने पाच-सहा अनारसे खाल्ले, सकाळी निघताना आणखी दोन. आमच्याकडे अनारसा खसखशीवरच थापतात आणि मी खसखस सढळ हाताने पसरते. शिवाय त्याला खोकला होता म्हणून डॉक्टरांनी दिलेलं सिरप चालू होतं. बाटली आता पाहिली, तर त्यावर ‘कोडीन फॉस्फेट’ लिहिलंय. मेडिकलच्या फॉर्मवर हे औषध त्याने लिहिलंच नाही. खोकल्याचं औषध ते काय सांगायचं, असं त्याला वाटलं.

खसखस अफूच्याच बोंडातली, हे मला माहीत होतं. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात अफूच्या बोंडाच्या व्याख्येतून बिया वगळल्या आहेत, म्हणून ती वाण्याकडे मिळते. दुबईला मात्र तीच पिशवी नेली तर माणूस अडकतो. पण आठ अनारशांनी एवढं होऊ शकतं का? आणि लघवीत सापडलेलं मॉर्फिन खसखशीचं, सिरपचं की हेरॉइनचं, हे प्रयोगशाळेत वेगळं ओळखता येतं का? कंपनीला काय लिहून मागावं? कृपया जाणकारांनी सांगा, वेळ फार थोडा आहे.

प्रतिसाद

ताई, मी विषविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करतो. आधी एक सांगा, तपासणी पट्टीवर झाली की मशीनवर? पट्टीवर एक नियंत्रणाची रेघ नेहमीच येते; चाचणीची दुसरी रेघ उमटली नाही तर पॉझिटिव्ह असतं आणि ती फिकट आली तरी निगेटिव्हच धरतात. घाईत हे उलटं वाचलं जातं. कोणत्याही प्रकारे केली असली, तरी ही फक्त चाळणी आहे. त्यातली प्रतिपिंडं मॉर्फिनसारख्या दिसणाऱ्या रेणूंच्या सगळ्या कुटुंबाला धरतात, त्यामुळे कोडीनही पकडलं जातं. लिव्होफ्लॉक्सॅसिनसारख्या अँटिबायोटिकनेही कधी कधी खोटं पॉझिटिव्ह येतं, तेही त्याने घेतलं होतं का ते बघा.

खसखशीच्या दाण्यात मॉर्फिन जवळपास नसतं, बोंडाचा चीक दाण्याला बाहेरून लागतो. धुतल्याने, तापवल्याने ते कमी होतं, पण प्रत्येक मालात प्रमाण वेगळं. म्हणून आठ अनारशांचं उत्तर मी हो किंवा नाही असं देणार नाही, शक्यता मात्र खरी आहे. अमेरिकेत सरकारी कर्मचाऱ्यांच्या चाचणीची मर्यादा १९९८ मध्ये ३०० वरून २००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर केली, त्यामागे खसखशीचंच कारण होतं. भावाच्या चाचणीला कोणती मर्यादा लावली ते विचाराच.

आता मूळ प्रश्न. जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस (मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या) यंत्रावर प्रत्येक रेणू वेगळा करून, वजनाने ओळखून मोजतात. हेरॉइन शरीरात गेलं की आधी ६-मोनोअसेटाइलमॉर्फिन होतं, मग मॉर्फिन. तो मधला पदार्थ खसखशीतून किंवा सिरपमधून येऊच शकत नाही. कोडीनचा थोडा भाग यकृतात मॉर्फिन होतो, म्हणून सिरप घेतल्यावर सुरुवातीच्या तासांत कोडीन जास्त आणि मॉर्फिन कमी दिसतं. खसखशीत उलटं, शिवाय थेबेन हे अफूतलंच आणखी एक द्रव्य सापडू शकतं आणि ते खोकल्याच्या औषधात नसतं. एक गोष्ट मात्र मनाशी स्पष्ट ठेवा: ६-मोनोअसेटाइलमॉर्फिन एखाद्या दिवसात लघवीतून निघून जातं. ते मिळालं नाही एवढ्यावरून निर्दोष ठरत नाही, सगळे आकडे एकत्र वाचावे लागतात.

तेव्हा लेखी मागा: राखून ठेवलेल्या सीलबंद दुसऱ्या नमुन्याची मास स्पेक्ट्रोमेट्रीवर तपासणी, प्रत्येक पदार्थाचा आकडा आणि नमुना कुणाच्या ताब्यात केव्हा होता याची नोंद. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि सिरपच्या बिलाची प्रत, दोन्हींवर तारीख हवी. नव्याने लघवी द्यायची वेळ आली तर भरपूर पाणी पिऊन जाऊ नका, क्रिएटिनिन (लघवीत नेहमी असणारा एक पदार्थ) २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं की नमुना पातळ ठरतो आणि संशय वाढतो.

मूळ लेखिका

खूप आभार. पट्टीच होती. फोटो आहे त्याच्याकडे, एकच रेघ दिसते. अँटिबायोटिक नव्हतं. चिठ्ठी सापडली, बिल सापडलं नाही, औषधाच्या दुकानात उद्या सकाळी जाते. दुसरा नमुना राखलाय का, हे भाऊ आजच मेल करून विचारतोय. मेलमध्ये खसखशीचा उल्लेख आत्ताच करावा की आकडे आल्यावर, तेवढं सांगाल का?

प्रतिसाद

आत्ताच करा. सिरप आणि खसखस दोन्ही, तारखांसकट.