मागितली नसली तरी क्षमा द्यायची का?

ऋणको
बरीच वर्षं मी एक सवय पाळतो. रात्री दिवा मालवायच्या आधी ज्यांनी आपल्याला दुखावलं त्यांची नावं देवापुढे घ्यायची आणि एकेकाला ‘सोडलं’ म्हणायचं. बायको हसते. म्हणते, तुमची नावं रोज तीच कशी असतात?

असतात खरी. पण माझं म्हणणं असं, की ख्रिस्ती माणसाने समोरच्याच्या माफीची वाट बघत बसू नये. मार्क 11:25 मध्ये येशू म्हणतो, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध मनात काही असेल तर क्षमा करा. त्या क्षणी तो दुसरा माणूस तिथे नसतोच, मग तो माफी कशी मागणार? पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन, दगडांचा मारा होत असताना ‘प्रभू, हे पाप त्यांच्याकडे मोजू नकोस’ म्हणाला, तेही सर्वांना ठाऊक आहे. त्यानेही कोणाच्या पश्चात्तापासाठी थांबून पाहिलं नाही.

मत्तय 18 मधल्या निष्ठुर चाकराचा दाखला घ्या. राजाने चाकराला सोडलेलं कर्ज दहा हजार तालांत, आणि त्याने ज्या सोबत्याचा गळा धरला त्याचं शंभर दिनार. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एका तालांताचे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी माफ झालेला माणूस शंभर दिवसांच्या मजुरीसाठी भांडत होता. सहा लाख पटींचा फरक. (अवांतर: प्रवचनात ते शंभर दिनार ‘क्षुल्लक’ म्हणून उडवून लावतात ते मला पटत नाही. तीन-साडेतीन महिन्यांची कमाई क्षुल्लक नसते. आपल्याला जे सोडायला सांगितलंय ते खरंच जड असतं.)

जड म्हणतो कारण अनुभव आहे. पाच वर्षांपूर्वी मावसभावाला उसने पैसे दिले, योगायोगाने जवळजवळ तितकेच, माझा तीन महिन्यांचा पगार. परत आले नाहीत. तो त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. मी मनातून सोडून दिले. आता भेटलो की हसून बोलतो. माझ्या बाजूने हिशोब मिटला.

तुम्ही काय करता?

निवडुंग
सहमत नाही, आणि जरा कडकच बोलणार आहे.

दाखला वाचलात, पण त्याच अध्यायातली 15वी ओवी गाळलीत. भावाने तुझा अपराध केला तर जा, तू आणि तो दोघंच असताना त्याचा दोष त्याला दाखव. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घे. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. ‘भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का?’ हा पेत्राचा प्रश्न आणि ‘साताच्या सत्तर वेळा’ हे येशूचं उत्तर त्यानंतर येतं. लूक 17:3 तर आणखी स्पष्ट आहे. आधी दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला ‘तर’ क्षमा कर. तो ‘तर’ मी घातलेला नाही.

आता तुमच्या मावसभावाकडे येऊ. त्याला कधी विचारलंत? पोस्ट दोनदा वाचली, कुठे दिसलं नाही. मग तुम्ही क्षमा केली कशी म्हणता? तुम्ही विषय टाळलात. आपल्याकडे याला भीड म्हणतात, आणि भीड भिकेची बहीण. उद्या तोच माणूस तिसऱ्या कोणाकडून पैसे घेऊन बुडवेल, कारण पहिल्यांदा बुडवले तेव्हा कोणी चकार शब्द काढला नव्हता.

योसेफाची गोष्ट आठवा. ज्या भावांनी त्याला विकलं होतं ते धान्य मागायला आले तेव्हा त्याने लगेच मिठी मारली नाही. शिमोनाला अडकवून ठेवलं, बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला लपवला आणि हे भाऊ धाकट्याला पुन्हा टाकून जातात का ते पाहिलं. यहूदा त्याच्या जागी स्वतः गुलाम व्हायला तयार झाला, तेव्हा कुठे योसेफ त्यांच्यासमोर रडला आणि ओळख दिली.

ऋणको
विचारून काय होणार होतं? त्याची परिस्थिती मला माहीत आहे. विचारलं असतं तर तो शरमिंदा झाला असता आणि नातं गेलं असतं. मी नातं वाचवलं.

मागचा बाक
तुमची बायको ते ‘रोज तीच नावं’ म्हणाली ना, त्यातच साताच्या सत्तर वेळांचा खरा अर्थ आहे असं मला वाटतं. एका अपराधाची क्षमासुद्धा एकदा करून भागत नाही. सोमवारी सोडलेलं मंगळवारी पुन्हा हातात दिसतं.

आकड्याबद्दल एक गंमत. ग्रीक शब्दाचा अर्थ 490 होतो तसा 77 सुद्धा होतो. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात लामेख आपल्या बायकांपुढे फुशारकी मारतो, की काइनाचा सूड सातपट तर माझा सत्त्याहत्तरपट. जुन्या ग्रीक भाषांतरात लामेखाच्या तोंडी जे शब्द आहेत तेच मत्तयात येशूच्या तोंडी आहेत. म्हणजे सुडाचा आकडा उचलून येशूने क्षमेला लावला. मोजणीचा प्रश्नच नाही. तरी आमच्या ओळखीत एकजण आहेत ते मोजतात. सांगतातसुद्धा, की तुझं चौथं चाललंय.

शिवण
मी सहसा लिहीत नाही. आज लिहिते.

माझ्या नवऱ्याने मला मारलं. एकदा नाही. मंडळीतल्या वडिलांकडे गेले तेव्हा दोघांना समोरासमोर बसवलं, प्रार्थना झाली, आणि मला सांगितलं, साताच्या सत्तर वेळा, बाई, सोडून दे. निवडुंग यांनी ज्या 15, 16, 17 ओव्या सांगितल्या त्या त्याला कोणी वाचून दाखवल्या नाहीत. सगळा अध्याय माझ्या वाट्याला आला. घरी गेल्यावर पुन्हा तेच. क्षमा हा शब्द मला कितीतरी महिने ऐकवत नव्हता. प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ती ओळ आली की मी गप्प राहायचे.

म्हणून ऋणको, पैशांचं उदाहरण देऊन ‘वाट बघू नका’ म्हणणं सोपं आहे. ज्याच्या अंगावर वळ आहेत त्याला ते सांगताना शंभरदा विचार करा.

पण निवडुंग, तुमचंही पटत नाही. त्याने पश्चात्ताप केलेला नाही आणि करेल असं दिसत नाही. क्षमा त्याच्या पश्चात्तापावर अडली असेल तर किल्ली पुन्हा त्याच्याच खिशात राहिली. मी घर सोडलं, तक्रार केली, वेगळी राहते. आणि तीन-चार वर्षांनी कधीतरी लक्षात आलं की त्याचं वाईट व्हावं असं मला आता वाटत नाही. तो बरा व्हावा असं वाटतं, माझ्यापासून लांब. याला तुम्ही काय म्हणता मला माहीत नाही. मी क्षमा म्हणते. परत मात्र गेले नाही आणि जाणारही नाही.

वाटसरू
मी ख्रिस्ती नाही, कुतूहलाने वाचतोय. क्षमा केली म्हणजे शिक्षाही माफ, असं तुमच्यात मानतात का? तसं असेल तर कायद्याचं काय?

पाटीपेन्सिल
वाटसरू, नाही मानत. दोन उदाहरणं देतो, दोन्ही सर्वांना माहीत असलेली.

13 मे 1981 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर मेहमेत अली आगजाने गोळ्या झाडल्या. पोपनी चारच दिवसांनी इस्पितळातून त्याला क्षमा जाहीर केली. डिसेंबर 1983 मध्ये रोमच्या तुरुंगात जाऊन त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बोलले. पण इटलीच्या तुरुंगातून आगजा सुटला 2000 साली. क्षमा आणि सुटका यांच्यामध्ये 19 वर्षं गेली, आणि त्या वर्षांमुळे ती क्षमा खोटी ठरत नाही.

दुसरं आपल्याच देशातलं. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावी ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपलेली असताना जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि पुढची काही वर्षं बारिपदालाच राहून कुष्ठरुग्णांचं काम केलं. खटला मात्र चालला. मुख्य आरोपी दारा सिंगला 2003 मध्ये फाशी, 2005 मध्ये उच्च न्यायालयात ती जन्मठेपेवर आली, 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. सूड मनातून काढणं हे त्या बाईंचं काम होतं आणि न्याय करणं हे न्यायालयाचं. रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात ‘सूड घेऊ नका’ आहे आणि लगेच 13व्यात अधिकाऱ्याच्या हातातली तलवार आहे, ते उगीच नाही.

निवडुंग
शिवणताई, तुमच्यापुढे वाद घालायला जीभ रेटत नाही, तरी एक मांडतो. तुम्ही जे केलंत ते सूड सोडणं. ते करायलाच हवं आणि त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. पण क्षमा ही दोघांमध्ये घडणारी गोष्ट आहे असं माझं मत. वधस्तंभावरसुद्धा येशू ‘मी तुम्हाला क्षमा करतो’ असं सैनिकांना म्हणत नाही. ‘बापा, त्यांना क्षमा कर’ म्हणतो. मागणी करतो आणि निकाल पित्यावर सोपवतो.

पाटीपेन्सिल
निवडुंग, मुद्दा चांगला आहे, पण भाषा तुमच्या विरोधात जाते. (आणि ते वचन काही अतिप्राचीन हस्तलिखितांत नाहीच, त्यामुळे त्यावर एवढा डोलारा उभारताना जपून.)

शुभवर्तमानांत क्षमेसाठी जे ग्रीक क्रियापद सर्वाधिक येतं त्याचा साधा अर्थ ‘सोडणं’ असाच आहे. पेत्र आणि अंद्रिया जाळी ‘सोडून’ येशूमागे गेले, तिथेही तेच क्रियापद. मराठी भाषांतरकारांनी ते बरोबर पकडलं. आपण मत्तयातली प्रार्थना म्हणतो तेव्हा ‘आमची ऋणे आम्हांला सोड’ म्हणतो. तुम्ही ‘सूड सोडणं’ वेगळं आणि ‘क्षमा’ वेगळी काढता, पण मूळ शब्द तसा फरक करत नाही.

दोघांमध्ये घडणारी गोष्ट आहे, हे मान्य. तिला समेट म्हणतात. मत्तय 5:24 मध्ये अर्पण वेदीपुढे ठेवून आधी जाऊन भावाशी समेट कर म्हटलंय, तिथे शब्दही निराळा आहे. समेटाला दोन माणसं लागतात. सोडायला एक पुरतो.

निवडुंग
मग लूक 17:3 चा ‘तर’? तिथेही तेच ‘सोडणं’ आहे आणि अटही आहे. त्याला उत्तर मिळालं नाही.

पाटीपेन्सिल
तिथे तुम्ही मला अडवलंत. मी असं वाचतो, की पश्चात्ताप केला तर नाकारायचा अधिकार तुला नाही, दिवसातून सात वेळा आला तरी. भर तिथे आहे. पण अट नाहीच असं म्हणणार नाही.

मागचा बाक
खून, गोळीबार, तलवार झालं. धागा रोजच्या जगण्याबद्दल होता ना? माझ्या आयुष्यात माझ्यावर कोणी गोळ्या झाडणार नाहीये. माझ्या वाट्याला येतं ते असं: एकाने बैठकीत माझं बोलणं तोडलं. एकीने आजारपणात फोन केला नाही. गायनवृंदातल्या उभं राहायच्या जागेवरून दोन वर्षं अबोला.

कलस्सैकरांस 3:13 मध्ये क्षमा करा म्हणण्याआधी ‘एकमेकांचे सहन करा’ आहे. मला वाटतं आमच्या नव्वद टक्के तक्रारी त्या पहिल्या खात्यातल्या आहेत. ठेच लागली म्हणजे दगडाने अपराध केला असं नाही. मागे एका गृहस्थांनी उपासनेनंतर माझा हात धरला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, ‘मी तुम्हाला क्षमा केली आहे.’ कशाबद्दल ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण तो आठवडाभर मला इतका राग आला होता, की त्यांना क्षमा करायला माझे दोन रविवार गेले.

शिवण
:) फार दिवसांनी हसले या विषयावर.

ऋणको
चार दिवसांनी लिहितोय. निवडुंग यांचा ‘भीड’ शब्द डोक्यातून जाईना, म्हणून काल मावसभावाला फोन केला. दोघंच, 15व्या ओवीप्रमाणे.

पैशांचा विषय काढला. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, ‘दादा, ते तू आईच्या आजारपणात दिले होतेस. मी मदत समजत होतो. उसने म्हणून दिलेस हे तू बोलला नव्हतास.’

मला आठवेना मी काय बोललो होतो. ‘राहू दे, बघू नंतर’ असलं काहीतरी असणार. म्हणजे पाच वर्षं रोज रात्री ज्याला मी सोडत होतो त्याला आपण धरले गेलोय हेच माहीत नव्हतं.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पुढे त्याने विचारलं, ‘म्हणून तू इतकी वर्षं माझ्याशी तुटक वागतोस का? मला वाटलं, आईच्या शेवटच्या दिवसांत माझं काही चुकलं.’

मी वर लिहिलंय की मी हसून बोलतो. बायकोला विचारलं. ती म्हणाली, हसता, पण दात दाखवून.

दर महिन्याला थोडे थोडे देतो म्हणालाय. मी नको म्हणालो, तो ऐकत नाही. घ्यावेत का?

निवडुंग
घ्या. नको म्हणालात तर तो तुम्हाला टाळायला लागेल.

शिवण
आणि मावशीच्या शेवटच्या दिवसांबद्दल त्याच्याशी बोला. पैशांपेक्षा ते आधी.

ऋणको
रविवारी येतोय तो.