कर्लने २००, पायथन स्क्रिप्टने ४०१: टोकन तेच, यूआरएल तीच

रात्रपाळी:
उबुंटू सर्व्हरवर एक पायथन स्क्रिप्ट दर १५ मिनिटांनी क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सोय) चालते. आमच्याच अंतर्गत एपीआयला ती एचटीटीपीएसवरून गेट रिक्वेस्ट पाठवते. लायब्ररी रिक्वेस्ट्स. बेअरर टोकन (ज्याच्या हाती असेल त्याला आत सोडणारा परवाना) हेडर्सच्या डिक्शनरीत ऑथरायझेशन या नावाखाली दिलंय.

सर्व्हरवरून कर्ल (कमांडलाइनवरून रिक्वेस्ट पाठवणारं टूल): २०० (यशस्वी)
लॅपटॉपवरून हीच स्क्रिप्ट: २००
सर्व्हरवरून स्क्रिप्ट: ४०१ (ओळख नाकारली)

सर्टिफिकेट खासगी सीएचं (सर्टिफिकेट देणारी संस्था) आहे, म्हणून रिक्वेस्ट्स_सीए_बंडल हे त्या सीएच्या फाइलचा पाथ सांगणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट केलंय. व्हेरिफाय फॉल्स (सर्टिफिकेटची तपासणी बंद) करून पाहिलं, तरी ४०१. टोकन दोनदा नवं काढलं. सर्व्हरचं घड्याळ एनटीपीशी जुळलेलं आहे. क्रॉन सोडून हाताने चालवली तरी तेच. आता काय तपासू?

हँडशेक_झाला:
आधी ते व्हेरिफाय फॉल्स काढा. ४०१ हे एचटीटीपीचं उत्तर आहे. ते आलं म्हणजे टीएलएस हँडशेक (सुरक्षित जोडणीची सुरुवात) पार पडला आणि रिक्वेस्ट पलीकडे पोचली. सर्टिफिकेटचा घोळ असता तर स्टेटस कोड दिसलाच नसता. रिक्वेस्ट्सने एसएसएलएरर फेकली असती, कर्ल ६० या कोडने बाहेर पडला असता. व्हेरिफाय बंद ठेवून तुम्ही एवढंच साधताय की मध्ये कोणी बसला तर टोकन आयतं त्याच्या हातात.

तीन गोष्टी छापून इथे टाका (टोकन झाकून).

१. रिस्पॉन्समधला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट हेडर. ४०१ कोणी दिला ते यावरून कळतं. तिथे बेसिक लिहिलं असेल तर बहुधा एपीआयपुढे बसलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरनेच दारातून परत पाठवलंय, एपीआयपर्यंत काही गेलंच नाही.

२. रिस्पॉन्सची हिस्टरी. मध्ये रीडायरेक्ट (दुसऱ्या यूआरएलकडे पाठवणी) झाला असेल तर तिथे दिसेल. होस्ट बदलला की रिक्वेस्ट्स ऑथरायझेशन हेडर काढून टाकते. https वरून http कडे गेलं तरी काढते. प्रॉक्सीमागचं अ‍ॅप्लिकेशन शेवटचा स्लॅश जोडताना लोकेशनमध्ये http लिहून देतं, प्रॉक्सी पुन्हा https वर ढकलते, आणि या दोन उड्यांत हेडर गळतो. उलट http वरून https, होस्ट तोच आणि पोर्ट ८० वरून ४४३, असं असेल तर रिक्वेस्ट्स हेडर ठेवते. कर्ल मात्र ७.८३.० पासून, रीडायरेक्टमागे जायचा एल पर्याय दिला असला तरी, तिथेही काढतो. दोघं सारखंच वागतील असं धरून चालू नका.

३. रिस्पॉन्सच्या आतल्या रिक्वेस्टचे हेडर्स. तुम्ही कोडमध्ये लिहिलेली डिक्शनरी नको, खरोखर तारेवर गेलेलं हवं.

रात्रपाळी:
हिस्टरी रिकामी आहे. ऑथेंटिकेटमध्ये बेअरर, एरर इनव्हॅलिड टोकन. पण तिसऱ्याचं गौडबंगाल कळेना. ऑथरायझेशनमध्ये "बेसिक" आणि पुढे एक बेस६४ स्ट्रिंग आहे! कोडमध्ये बेसिक हा शब्द कुठेच नाही. दुसरी लायब्ररीही वापरलेली नाही.

टिंब_फाइल:
सापडलं. सर्व्हरवरच्या त्या युजरच्या होम फोल्डरमध्ये .नेटआरसी फाइल (होस्टनुसार युजरनेम-पासवर्ड ठेवायची) आहे का बघा, बहुधा गिटसाठी कोणीतरी ठेवलेली.

रिक्वेस्ट करताना ऑथ हा पॅरामीटर दिला नसेल आणि सेशनवरही नसेल, तर रिक्वेस्ट्स गुपचूप .नेटआरसी वाचते. होस्ट जुळला की तिथलं युजरनेम-पासवर्ड घेऊन बेसिक हेडर बनवते आणि तुम्ही हाताने लिहिलेला ऑथरायझेशन हेडर त्याने पुसते. वॉर्निंग नाही, काही नाही. कर्ल ही फाइल सांगितल्याशिवाय वाचत नाही (एन पर्याय द्यावा लागतो), म्हणून तिथे २००. लॅपटॉपवर ती फाइल नसणार.

फाइलमध्ये तुमच्या एपीआयचा होस्ट नसला तरी हुरळून जाऊ नका. "डिफॉल्ट" ने सुरू होणारी ओळ असेल तर ती उरलेल्या सगळ्या होस्टना लागू होते.

कोड न बदलता खात्री करायची तर नेटआरसी हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल /डेव्ह/नल (कायम रिकामी फाइल) वर ठेवून स्क्रिप्ट एकदा चालवा. २०० आला की चोर सापडला.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. पुष्कळजण सेशनचं ट्रस्ट_एन्व्ह (बाहेरची सेटिंग्ज वाचायची की नाही ते ठरवणारं) फॉल्स करायला सांगतील. तुम्ही ते करू नका. त्याने .नेटआरसी थांबते, पण त्याबरोबर प्रॉक्सीची व्हेरिएबल्स आणि रिक्वेस्ट्स_सीए_बंडलही दुर्लक्षित होतं. म्हणजे ४०१ जाऊन खासगी सीएमुळे एसएसएलएरर येईल आणि कोणीतरी पुन्हा व्हेरिफाय फॉल्स करेल. करायचंच असेल तर सेशनच्या व्हेरिफायला बंडलचा पूर्ण पाथ द्या.

त्यापेक्षा ऑथबेस या रिक्वेस्ट्सच्या मूळ क्लासवरून चार ओळींचा क्लास काढा. त्याच्या कॉल मेथडमध्ये बेअरर हेडर लिहा, तीच रिक्वेस्ट रिटर्न करा आणि त्याचं ऑब्जेक्ट सेशनच्या ऑथला द्या. ऑथ भरलेला असला की पहिली रिक्वेस्ट पाठवताना .नेटआरसी उघडली जात नाही (रीडायरेक्ट झालं तर मात्र वाचली जाते). दुसऱ्या होस्टवर रीडायरेक्ट झालं तर हेडर काढण्याची रिक्वेस्ट्सची सवय तशीच राहते, ते बरंच आहे.

रात्रपाळी:
डिफॉल्टचीच ओळ होती. /डेव्ह/नलने २०० आला, मग क्लास लिहिला. क्रॉनमधूनही चालतंय. व्हेरिफाय परत चालू केलं.

हँडशेक_झाला:
ती डिफॉल्ट ओळ काढून गिटच्या होस्टची ओळ घाला. आणि तो पासवर्ड बदला. बेस६४ म्हणजे काही एन्क्रिप्शन नव्हे, दर १५ मिनिटांनी तो एपीआयकडे गेलाय, तिथे कुठल्या लॉगमध्ये पडला असेल सांगता येत नाही.

दुपारचा_चहा:
याच धाग्यात विचारतो. माझ्याकडे हेडर बेअररच जातोय, हिस्टरी रिकामी, तरी इनव्हॅलिड टोकन. जेडब्ल्यूटी (सही केलेलं, आत मुदत लिहिलेलं टोकन) मीच सही करून बनवतो, मुदत एक तास. क्लाउडवरच्या मशीनवर चालतं, ऑफिसच्या मशीनवर नाही. घड्याळं दोन्हीकडे बरोबर.

टिंब_फाइल:
आयएटी आणि एक्स्प (टोकन बनल्याची आणि संपण्याची वेळ) पायथनच्या यूटीसीनाऊवर टाइमस्टॅम्प मेथड लावून काढताय ना? यूटीसीनाऊच्या वेळेवर टाइमझोनचा शिक्का नसतो, म्हणून टाइमस्टॅम्प तिला स्थानिक वेळ समजतो. क्लाउडचं मशीन यूटीसीवर असेल तर चूक लपते. भारतीय वेळेच्या मशीनवर आकडा बरोबर १९,८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास मागे जातो. एक तासाची मुदत असलेलं टोकन जन्मतःच साडेचार तास आधी संपलेलं असतं. टोकनचा मधला भाग डीकोड करून एक्स्प बघा आणि डेटच्या प्लस टक्का एस या आउटपुटशी ताडून पाहा. मुदत वाढवून झाकू नका. टाइम मॉड्यूलच्या टाइम फंक्शनचा पूर्णांक घ्या, नाहीतर नाऊला टाइमझोन यूटीसी देऊन मग टाइमस्टॅम्प काढा.