बेसवाल्यानं स्टेजवर स्वतःचा अँप न्यावा की नुसता डीआय (बेस थेट मिक्सरला देणारी डबी)? बोला

पाचतारी (टिळकवाडी)
आमचा पाच जणांचा बँड आहे. दोन गिटार, कीबोर्ड, ड्रम, एक गायिका, आणि त्यातल्या एका गिटारच्या जागी मी पाच तारांचा बेस वाजवतो. कार्यक्रम म्हणाल तर सरमिसळ: कॉलेजचे फेस्ट, गणपतीत मंडळांचे ऑर्केस्ट्रा, निपाणी-चिकोडीकडच्या यात्रा, अधूनमधून चोर्ला घाट उतरून गोव्यातली लग्नं. सध्या जवळ तीस वॅटचा प्रॅक्टिस कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत) आहे. ड्रमर जरा रंगात आला की माझा बेस गायब.

ऐंशी हजारांपर्यंत जमवाजमव होईल. बँडमधले म्हणतात, चांगला प्रीअँप-डीआय घे, थेट मिक्सरला दे आणि उरलेल्या पैशात सगळ्यांना इन-इअर (वाजवताना स्वतःला ऐकायचे इअरफोन) घेऊ. माझं मत उलट आहे. स्वतःचा अँप नसला की त्या रात्री बेस कसा वाजणार हे दुसराच कुणीतरी ठरवतो. क्लास-डी हेड (स्पीकर नसलेला हलका अँप) आणि एक बाराइंची बॉक्स (स्पीकरची पेटी) घ्यायचं मनात आहे. मत द्या, फक्त 'बजेट वाढव' म्हणू नका.

डेस्कवाला (शहापूर)
बँडमधले बरोबर सांगतायत. मी साऊंडच्या डेस्कमागे, म्हणजे मिक्सरमागे, उभा असतो म्हणून कडू बोलतो. मंगल कार्यालयाचा हॉल डोळ्यासमोर आण. वर पत्रा, खाली गुळगुळीत फरशी, बाजूला काचा. बेसवाला अँप लावतो, स्वतःला ऐकू येईना म्हणून लो (खालचे सूर) वाढवतो, आणि ते लो हॉलभर घुमत राहतं. मी मिक्सरवर बेसचा फेडर पार तळाला आणला तरी बेस चालूच! गायिकेचा शब्द कुणाला कळत नाही आणि लोक मला येऊन सांगतात, अण्णा, साऊंड बरोबर नाही.

बेसच्या ई तारेचा सूर 41 हर्ट्झचा, म्हणजे लाट आठ मीटरहून लांब. असला सूर अँपच्या तोंडासमोर गप बसत नाही, चहूकडे पसरतो. डीआय दिलास तर तो माझ्या हातात राहतो. आणि डीआय म्हणजे काही कमीपणा नव्हे. अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या रेकॉर्डवर बेसवादक जेम्स जेमर्सनचा बेस बहुतेक वेळा थेट डेस्कमध्येच गेलाय.

निपाणीकर ड्रमर
डेस्कवाले दादा, तो स्टुडिओत. क्लबात वाजवताना त्याच्यामागे अँपेग कंपनीचा बी-15 अँप असायचा, तेही सांगा की.

तुम्ही म्हणताय तसला साऊंड सगळीकडे कुठं मिळतोय? आमच्या बाजूला यात्रेत दोन मॉनिटर (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेले स्पीकर) येतात. एक गायकाला, दुसरा कीबोर्डवाल्याला. माझ्या मागे काय येतं? जनरेटर. बेस ऐकू आला नाही तर मी किक (पायाच्या ड्रमचा ठोका) कुठं टाकू? सबची (खालच्या सुरांच्या स्पीकरची) तोंडं पब्लिककडे, स्टेजवर येतो तो नुसता घुमारा, त्यात सूर कुठला आणि ठोका कुठला काही उमगत नाही. बेसचा बॉक्स माझ्या हाय-हॅटच्या बाजूला असला की दोघांचा हात एकत्र पडतो. काही मंडळं तर दोन टॉप (वरच्या सुरांचे स्पीकर) उभे करून मोकळी होतात, सब नाहीच. तिथं डीआय देऊन बेस जाणार कुठं?

पाचतारी, घे अँप.

ओहमवाले काका (उद्यमबाग)
वादात पडत नाही, हिशोब सांगतो.

वॅट बघून अँप घेऊ नको. वॅट दुप्पट केले तर आवाज 3 डेसिबलनं वाढतो, बस. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. उलट बॉक्सची सेन्सिटिव्हिटी (एका वॅटला किती डेसिबल आवाज) 97 ऐवजी 100 असली तर वॅट दुप्पट केल्याचा फायदा आयता पदरात पडतो. हा आकडा माहितीपत्रकात शोध.

दुसरं, हेडवर छापलेले 500 वॅट बहुधा 4 ओहमच्या बॉक्सवरचे असतात (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला अडथळा). 8 ओहमचा एकच बॉक्स लावलास तर निम्मे किंवा त्याहून थोडे जास्त मिळतात. फेंडरचा रंबल 500 कॉम्बो बघ: आतल्या दोन दहाइंची स्पीकरवर 350 वॅट, बाहेरून 8 ओहमचा आणखी एक बॉक्स जोडला की पूर्ण 500. म्हणून पहिला बॉक्स 8 ओहमचाच घे. पुढे तसलाच दुसरा जोडलास की मिळून 4 ओहम होतात आणि हेड पूर्ण जोरात चालतं. पहिलाच 4 ओहमचा घेतलास तर बहुतेक हेडना दुसरा जोडता येत नाही.

आणि तुझी बी तार 31 हर्ट्झची. लहान बॉक्समधून तिचा मूळ सूर फारसा येतच नाही, वरचे सूर ऐकून कान तो पुरा करून घेतो. त्यामुळे लोचा नॉब पिळत बसू नको, सगळे वॅट तिथंच जळतात. 250 ते 500 हर्ट्झच्या पट्ट्यात थोडं वाढव, ड्रमच्या गर्दीतूनही बेस वर येतो. हेडला हाय-पास फिल्टर (ठरावीक सुराच्या खालचं कापणारा) असेल तर 35-40 हर्ट्झवर लाव. बॉक्सही वाचतो आणि डेस्कवाल्यांचा हॉलही.

मरीन प्लाय (वडगाव)
कंपनीचा बॉक्स कशाला? 18 मिलिमीटरचा प्लाय आणा, बाराइंची स्पीकर आणा. डीजेचे बॉक्स ठोकून देणारे आपल्याकडे आहेत की. पैसे वाचतात.

ओहमवाले काका (उद्यमबाग)
ठोकून देतात, पण माप कुणाचं? स्पीकरच्या कागदावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असे आकडे असतात. त्यांवरून आतली जागा किती लिटर आणि पोर्ट (हवेची नळी) किती लांब हे काढावं लागतं. डीजेचा बॉक्स खालचा ठोका मारायला केलेला असतो, त्यात बेसच्या वरच्या दोन तारा दबून जातात. मापं काढून दिलीस तर सुताराकडून जरूर करून घे. आतून आडवी पट्टी मारायला सांग, नाहीतर बाजूची फळीच वाजते. आणि पावसाळ्यात बॉक्स भिंतीला चिकटवून ठेवू नको. आपल्याकडच्या ओलीत स्पीकरच्या कागदी कोनाला (पडद्याला) बुरशी धरते.

व्हॉल्व्हभक्त
सगळे क्लास-डी, क्लास-डी! 1969 साली आलेला अँपेगचा एसव्हीटी एकदा तरी ऐका. 300 वॅटच, पण व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे).

चोर्ला उतरणारा (खानापूर)
ऐकलाय. हेडच 35 किलोच्या वर, खालचा आठ स्पीकरचा बॉक्स त्याहून जड. ओम्नीत ड्रम आधीच भरलेत, मग कीबोर्डवाल्याला टपावर बसवायचं काय?

पाचतारी, क्लास-डी हेड दोन-तीन किलोचं असतं, गिग बॅगच्या खिशात जातं. गोव्याकडे मला बऱ्याचदा स्टेजवर बॉक्स उभा मिळतो. आधी फोन करून विचारायचं, ओहम विचारायचे, नुसतं हेड घेऊन जायचं. म्हणून कॉम्बोपेक्षा हेड वेगळं बरं.

डेस्कवाला (शहापूर)
निपाणीकर, यात्रेचं तुझं खरं आहे. पण अँप आणणाऱ्यांतले किती जण डीआयचं बटण बघतात? हेडच्या मागे प्री (नॉबांच्या आधी) आणि पोस्ट (नॉबांनंतर) असं लिहिलेलं असतं. पोस्टवर असलं की तू स्टेजवर लो फिरवलास तर माझ्या मिक्सरवरही फिरतो. साऊंडचेकला बसवलेलं सगळं तिसऱ्या गाण्याला उधळलेलं. प्रीवर ठेव. मग स्टेजवर काय हवा तो गोंधळ घाल, माझ्याकडे साफ बेस येतो.

आणि अँप ठेवता कुठं? लोखंडी घोड्यांवर फळ्या, वर लाल मॅटिंग, असलं आपलं स्टेज. त्यावर बॉक्स थेट ठेवला की अख्खं स्टेज ढोलासारखं वाजतं. शिवाय त्याचं तोंड तुझ्या गुडघ्याकडे, कान वर. मग म्हणतोस ऐकू येत नाही. मंडपवाल्याकडून लोखंडी खुर्ची माग, तिच्यावर जाड सतरंजीची घडी, वर बॉक्स, थोडा मागे झुकवलेला. मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) खाली आणूनही स्वच्छ ऐकू येतं.

निपाणीकर ड्रमर
एवढं आधीच सांगितलं असतं तर भांडणच नव्हतं.

डेस्कवाला (शहापूर)
भांडण आहेच. तू हेडफोन लाव, मी त्यात तुला बेस देतो. मग बॉक्स कशाला?

निपाणीकर ड्रमर
हेडफोन लावला की समोरची माणसं नाचतायत की पांगतायत तेच कळत नाही. आणि तुमच्या हेडफोनची वायर पहिल्या गाण्यात निघते.

वायरमन (अनगोळ)
अर्थिंगबद्दल कुणीच बोलेना! अँप एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, डीआय जोडला की घुंsss सुरू. अशा वेळी डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबायचं. प्लगची जाड पिन मोडायची नाही. मोडणारे बघितलेत. हात बेसच्या तारांवर, ओठ माईकला, आणि अँपला अर्थच नाही. कधी ना कधी शॉक थेट तोंडाला बसतो.

अमेरिकेतून कुणी मावसभाऊ हेड आणणार असेल तर आधी मागच्या पट्टीचा फोटो मागव. काही हेड 120 आणि 230 दोन्ही व्होल्टवर चालतात, काही नुसती 120 वर. तसलं इथं सरळ लावलंस की धूर.

पाचतारी (टिळकवाडी)
हेड घेतोय, प्री-पोस्टचं बटण असलेलंच. बॉक्स 8 ओहमचा, बाराइंची, एकच. प्लायचं नंतर बघू. इन-इअर बाकीच्यांनी आपापल्या पैशानं घ्यावेत, माझ्या बेसच्या पैशातून नाही. हेडपासून बॉक्सपर्यंत गिटारचीच केबल चालेल ना?

ओहमवाले काका (उद्यमबाग)
अजिबात नाही. गिटारच्या केबलची आतली तार बारीक असते, एवढा करंट तिच्यातून गेला की तापते. स्पीकरची जाड दोन तारांची केबल घे, दोन्ही टोकांना स्पीकऑन प्लग. तो पिळून लॉक होतो, पाय अडकला तरी निघत नाही.

व्हॉल्व्हभक्त
आणि व्हॉल्व्हचं हेड बॉक्स न जोडता वाजवलं तर ट्रान्सफॉर्मर जळतो, हा मुद्दा तुमच्या बाजूनं मीच देतो. तरी आवाज ऐका.

डेस्कवाला (शहापूर)
एक राहिलंच. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद. सरकारनं वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस सूट दिली, तर त्या दिवशी बारापर्यंत. दहा वाजता पोलीस येऊन उभे राहतात ते माझ्या डेस्कपाशी. मी सगळं म्यूट करतो आणि तिकडे बेसवाल्याचा अँप वाजतोच आहे. शिव्या कुणी खायच्या?

निपाणीकर ड्रमर
तुम्हीच. गाणं तर पुरं होऊ द्या की.