कोल्हापुरात अंबाबाई मंदिराच्या महाद्वारातून पंचगंगा नदीच्या घाटापर्यंतचा रस्ता चालणाऱ्यांना द्यावा का?

गंगावेसकर:
महाद्वारातून पापाची तिकटी, गंगावेस, शुक्रवार पेठ करत घाटावर जायला पायी पंधरा-वीस मिनिटं पुरतात. परवा आईला घेऊन निघालो तर गंगावेशीतच अर्धा तास गेला. फुटपाथवर माल, रस्त्याकडेला दुचाक्या, मधनं वडापच्या गाड्या, शिटा भरत थांबणाऱ्या. दोनदा दचकून थांबली आणि म्हणाली, "दर्शन झालंय, चल घरी." अंबाबाईला येणारे हजारो लोक असेच नदी न बघता परत जातात. त्रिपुरारीच्या पहाटे पणत्या लावायला अख्खं गाव घाटावर असतं, एरवी तिथं शुकशुकाट. रोज संध्याकाळी पाच ते नऊ गाड्या बंद करा. घाटाकडचे जुने वाडे पाडण्यापेक्षा दुरुस्त करून खालच्या मजल्यावर खानावळी, चपलांची दुकानं येऊ द्या. पेठेत परत जीव येईल.

महाद्वाररोडचा दुकानदार:
दादा, पाच ते नऊ हाच आमचा धंद्याचा वेळ. गावाकडचं गिऱ्हाईक मोटरसायकलवर येतं, बायकापोरं घेऊन. गाडी लांब लावायला लागली तर ते दुसरीकडं वळणार. आधी पार्किंग करा, मग रस्त्याचं बोला.

शुक्रवारपेठ:
खालच्या मजल्यावर खानावळ? २०१९ ला आमच्या घरात पाणी होतं, २०२१ ला परत. नदीची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, दोन्ही वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. फ्रिज, गाद्या, धान्य सगळं रस्त्यावर टाकलं. तो चिखलाचा वास महिनाभर भिंतीतनं जात नव्हता. कर्ज काढून दुकान थाटणाऱ्या पोरानं त्या पावसाळ्यात काय करायचं?

रंकाळाकाठ:
मग अहमदाबादला साबरमतीवर बांधलीय तशी भिंत बांधा की. पूरही अडेल, फिरायलाही जागा होईल.

शुक्रवारपेठ:
भावा, साबरमतीला अहमदाबादेत एरवी नर्मदेच्या कालव्याचं पाणी सोडावं लागतं. आपल्याकडं कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येतात, वर राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की आणखी भर. नदीचं पात्र आवळलं तर ते पाणी चिखली, आंबेवाडीत चढेल. ती गावं आधीच दर पुरात घरं सोडतात.

गंगावेसकर:
ताई, खानावळीचं मी मागं घेतो. पूररेषेत नवीन काही नको, दगडी पायऱ्या पाणी सोसतात तेवढंच राहू दे. पण चालायच्या रस्त्यावर मी ठाम आहे, पुराचा त्याच्याशी संबंध नाही. म्हाताऱ्यांसाठी रिक्षा आणि ॲम्ब्युलन्स चालू ठेवू.

शुक्रवारपेठ:
आणि शहरातला जयंती नाला? त्याचं सांडपाणी नदीत जायचं थांबल्याशिवाय घाटावर बसणार कोण? उन्हाळ्यात या एकदा, नाकाला पदर लावूनच बसावं लागतं.

महाद्वाररोडचा दुकानदार:
रोजचं मला जमणार नाही, हे आत्ताच सांगतो. नवरात्र आणि दिवाळी सोडून एखाद्या महिन्यात फक्त रविवारी बंद ठेवा. गाड्या लावायला गंगावेशीच्या अलीकडं जागा दाखवा. तरच आमच्या ओळीतल्या चार दुकानदारांशी बोलतो.