घरच्या आर्केड कॅबिनेटला खरी नाणी की टोकन? नाणं परत येण्यावरून चर्चा

पाच_बटणं
घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर आर्केड कॅबिनेट (नाणं टाकून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र) बांधलं की ठरलेली तक्रार येते: नाणं टाकलं की खळ्ळकन खालच्या खणात परत, किंवा आत जातं पण क्रेडिट, म्हणजे खेळायची पाळी, चढत नाही. पहिल्या तक्रारीबद्दल माझं मत ठाम आहे. खऱ्या नाण्यांचा हट्ट सोडा आणि टोकन वापरा.

कारण आपल्या नाण्यांची मापं. रुपयाचं १९९२ नंतरचं नाणं २५ मिमी, ४.८५ ग्रॅम. २०११ च्या मालिकेतलं २२ मिमी, ३.७९ ग्रॅम. २०१९ च्या मालिकेतलं २० मिमी, ३.०९ ग्रॅम. आणि २०११ चं दोन रुपयांचं नाणं? २५ मिमी, ४.८५ ग्रॅम, तेच फेरिटिक स्टेनलेस स्टील. म्हणजे नाणं तपासणाऱ्या यंत्राच्या, अ‍ॅक्सेप्टरच्या, लेखी जुना रुपया आणि हे दोन रुपये एकच. त्याला छापलेला आकडा दिसत नाही, आतल्या कॉइलजवळून (तारेच्या वेटोळ्याजवळून) धातू गेल्यावर होणारा बदल तेवढा कळतो. पाच रुपयांत २३ मिमीचेच तीन धातू: ९ ग्रॅमचं कप्रोनिकेल (तांबं-निकेल), ६ ग्रॅमचं स्टील, ६ ग्रॅमचं पिवळं. शिवाय २०१९ चं २५ मिमीचं.

नमुन्याचं नाणं खिडकीत अडकवायचं ते साधं तुलनेचं अ‍ॅक्सेप्टर घ्या आणि पितळेची एकसारखी पंचवीस-तीस टोकनं आणा. एक टोकन नमुना म्हणून कायम आत बसतं. काम संपलं.

ओळंबा
नाण्यांचे आकडे बरोबर, निष्कर्ष पटत नाही. सगळी नाणी घ्या असं कोण म्हणतंय? फक्त दहा रुपयांचं घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सांगितलं तेव्हाच दहाच्या नाण्याच्या १४ डिझाइन वैध होत्या. चित्रं वेगळी, पण २०११ नंतरची सगळी २७ मिमी आणि पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. यंत्राला एवढं पुरतं.

बिघडतं ते यंत्राला नाणं ओळखायला शिकवताना. सीएच-९२६ जातीच्या, नमुन्यांवरून शिकणाऱ्या अ‍ॅक्सेप्टरला लोक एकच चकचकीत नाणं पंधरा वेळा टाकून शिकवतात, मग बाजारातलं झिजलेलं नाणं तो कसं घेणार? नीट पद्धत अशी: अधिक आणि वजा ही बटणं एकदम तीन सेकंद दाबून ठेवली की पडद्यावर ‘ए’ येतो. सेटअप दाबत पुढे जायचं. ‘ई’ म्हणजे नाण्यांचे प्रकार, तिथे १. ‘एच’ म्हणजे नमुने, तिथे २०. ‘पी’ म्हणजे एका नाण्यामागे जाणारे पल्स (विजेचे ठोके), १. ‘एफ’ म्हणजे काटेकोरपणा, १ ते ३०. आकडा लहान तितकं यंत्र कडक. ८ पासून सुरुवात करा, सेव्ह करा, वीज बंद करून परत चालू करा. मग नमुने घेण्याच्या मोडमध्ये ‘ए१’ दिसल्यावर वीस वेगवेगळी नाणी टाका: नवी, झिजलेली, काळवंडलेली. देवळातून आलेली असतील तर हळद-कुंकवाचा थर आधी धुऊन घ्या.

आणि हे सगळं अ‍ॅक्सेप्टर दारात पक्का बसवून, दार लावून करायचं. टेबलावर आडवा ठेवून शिकवलं आणि मग लोखंडी पत्र्याच्या दारात बसवलं, तर नाण्याचा वेगही बदलतो आणि कॉइलभोवतालचा धातूही.

पाच_बटणं
दहाचं नाणं दोन धातूंचं आहे हे विसरताय. बाहेरची कडी आणि आतली चकती यांच्या सांध्यात मळ बसला किंवा गंज चढला की विजेच्या दृष्टीने तेच नाणं थोडं वेगळं दिसतं. म्हणून ‘एफ’ वाढवावा लागतो, आणि तो वाढवला की शेजारच्या मापाचं काहीही आत जातं. एका धातूच्या टोकनाला ही भानगड नाही.

ओळंबा
घरात शेजारच्या मापाचं आत गेलं तर बिघडलं काय? ही काही मॉलमधली गल्ला भरायची मशीन नाही. ‘एफ’ १२ ठेवा. मुलांनी पेटीत टाकलेले दहा रुपये महिनाअखेरीस मोजायचे, ही त्यातली खरी मजा आहे. टोकनात ती नाही.

बाकी, नाण्याला दोष देण्याआधी दाराला ओळंबा लावून पाहा. टेबलावरच्या छोट्या कॅबिनेटचं पुढचं फळकूट तिरपं असतं, आणि अ‍ॅक्सेप्टर लोक त्यावरच ठोकतात. तो उभाच हवा. तिरपा बसला की नाणं मार्गाच्या एका भिंतीला घासत जातं, कॉइलपासूनचं अंतर दर वेळी बदलतं, आणि तेच नाणं एकदा चालतं, एकदा नाही. पुढचं फळकूट तिरपंच हवं असेल तर खाली वेगळी सरळ पट्टी काढा.

लाल_काळी_पांढरी
तुम्ही दोघं नाणं परत येण्यावर भांडताय. आत जाऊन क्रेडिट न चढण्याची जी दुसरी तक्रार आहे, तिला टोकन आणि दहा रुपये सारखेच.

आधी वीज. अ‍ॅक्सेप्टरची लाल तार १२ व्होल्ट, काळी ग्राउंड, पांढरी कॉइन सिग्नल. करडी काउंटरची, ती मोकळी सोडून टेपने गुंडाळा. यूएसबीच्या ५ व्होल्टवर हा चालत नाही. अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्ट, किमान १ अँपिअरचा, आणि त्यावर बटणांच्या एलईडी पट्ट्या लादू नका. नाणं ओळखल्यावर फाटक उघडणारा सोलेनॉइड एकदम करंट ओढतो. अ‍ॅडॉप्टर दमला तर फाटक अर्धवट उघडतं आणि ओळखलेलं नाणंही परत येतं. मीटर लावून नाणं टाका. व्होल्टेज ११ च्या खाली गेलं तर अ‍ॅडॉप्टर बदला.

मग सिग्नल. मागे दोन सरकते स्विच असतात. एक एनओ-एनसी (सिग्नल एरवी उघडा की एरवी जोडलेला), तो एनओवर. एनसीवर राहिला तर इम्युलेटरला (जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) वाटतं कॉइनचं बटण कायम दाबलेलं आहे. दुसरा पल्सच्या लांबीचा. वेगवान ठेवला तर पल्स साधारण ३० मिलिसेकंदांचा. मेम हा इम्युलेटर दर फ्रेमला, म्हणजे साधारण १७ मिलिसेकंदांनी, एकदा बटण वाचतो, आणि काही गेमना ते सलग काही फ्रेम दाबलेलं लागतं. म्हणून मधला, ५० चा ठेवा. तरी क्रेडिट चुकत असेल तर १०० चा.

आणि सगळ्यात जास्त सुटतं ते ग्राउंड. १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर वेगळा, बटणं वाचणारा एन्कोडर बोर्ड यूएसबीवर. दोघांचे ग्राउंड जोडलेच नाहीत तर पल्स परत फिरायला वाटच नाही.

पाच_बटणं
पांढरी तार थेट रास्पबेरी पायच्या पिनला जोडा असं कृपया कुणी सांगू नका. काही नगांत ती रिकाम्या वेळी १२ व्होल्टवर असते. पायची पिन ३.३ व्होल्टची. बोर्ड गेलाच.

लाल_काळी_पांढरी
अगदी बरोबर, जोडण्याआधी मोजायलाच हवं. खात्री नसेल तर पीसी८१७ ऑप्टोकपलर (तारा न जोडता प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारा सुटा भाग): १२ व्होल्टवरून २.२ किलोओहमचा रेझिस्टर, मग ऑप्टोच्या एलईडीचं धन टोक, ऋण टोक पांढऱ्या तारेला. पल्स आला की जेमतेम ५ मिलिअँपिअर वाहतो. पलीकडे ऑप्टोचा कलेक्टर पायच्या पिनला, एमिटर पायच्या ग्राउंडला, आणि पिनचा आतला पुल-अप (पिन एरवी ३.३ व्होल्टवर धरणारा रेझिस्टर) चालू. असं केलं तर ग्राउंड जोडायचीही गरज उरत नाही. नाणं न टाकता आपोआप क्रेडिट चढत असतील, तर तारा पिळून घ्या, स्पीकरच्या आणि २३० व्होल्टच्या तारांपासून लांब न्या, आणि १२ व्होल्टवर ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर टाका.

ओळंबा
यात एकच भर. मार्ग पुसताना तेलाचा स्प्रे मारू नका, त्यावर धूळ चिकटून पावसाळ्यात खळ होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरते.

पाच_बटणं
ते मान्य. नाण्यांबद्दल माझं मत तेच आहे, फक्त टोकनाचं माप सांगायचं राहिलं होतं. ज्यांच्या घरी टोकनं आणि सुटे पैसे एकाच डब्यात राहतात त्यांनी २५ मिमीचं पितळी टोकन घेऊ नये, २०१९ चं पाच रुपयांचं पिवळं नाणं त्याच मापाचं आहे. २८ मिमीचं घ्या. हल्ली हाती येणाऱ्या नाण्यांत त्या मापाचं काही नाही.